इंटरनेटचा अनुशेष कसा मोजायचा?

मराठवाड्याच्या विकासाची चर्चा गेली चाळीस वर्षे अनुशेषाभोवती फिरत आली आहे. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये अहवाल दिला आणि रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा क्षेत्रांत कोणता जिल्हा राज्याच्या सरासरीच्या किती मागे आहे हे मोजून त्याची किंमत रुपयांत मांडली. सरासरीलाच उंबरठा मानावे की नाही यावर पुढे बरेच वाद झाले, पण मागणीला प्रथमच आकड्यांचा आधार मिळाला. त्या यादीत इंटरनेट असण्याचा प्रश्नच नव्हता. नंतर प्रादेशिक असमतोलावरच डॉ. विजय केळकर समितीचा अहवाल २०१३ मध्ये आला आणि चर्चेपुरता राहिला. वैधानिक विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. ती टाळेबंदीच्या ऐन भरात संपली, म्हणजे ज्या आठवड्यांत शाळेचा वर्ग, बँकेचा व्यवहार आणि तहसीलचा दाखला एकदमच मोबाइलच्या पडद्यावर सरकले, त्याच आठवड्यांत प्रादेशिक असमतोल मोजणारी घटनात्मक यंत्रणा थांबली. हा योगायोग असेल, पण तो मराठवाड्याला महागात पडला आहे.

आता या आठ जिल्ह्यांतून मागणी होऊ लागली आहे की, रस्ता आणि पाण्याप्रमाणे इंटरनेटचाही अनुशेष मोजावा. मागणी रास्त आहे. माझी हरकत मोजण्याच्या प्रचलित रीतीला आहे. किती किलोमीटर ऑप्टिकल फायबर टाकली आणि किती ग्रामपंचायती जोडल्या, एवढेच मोजायचे असेल तर अनुशेष दोन वर्षांत कागदोपत्री भरून निघेल आणि गावातला माणूस होता तिथेच राहील. मोजायची असेल तर सेवा मोजली पाहिजे. कोणत्या गावात, वर्षाच्या किती तासांत, इंटरनेट प्रत्यक्ष चालू होते, हा आकडा मोजला पाहिजे.

राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत १०० एमबीपीएस वेगाची जोडणी दोन वर्षांत पोहोचवायची, असे ठरले होते. २०१५ मध्ये योजनेचे नाव भारतनेट झाले. एक लाख ग्रामपंचायतींचा पहिला टप्पा डिसेंबर २०१७ मध्ये पुरा झाला. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राने स्वतःच्या माहिती तंत्रज्ञान महामंडळामार्फत ‘महानेट’ या नावाने काम हाती घेतले. या सगळ्याचा खर्च ज्या निधीतून होतो, तो दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित सकल महसुलातून कापलेल्या पाच टक्क्यांचा आहे. म्हणजे अखेर तो प्रत्येक रिचार्जमधूनच जातो. वसमतच्या किंवा भूमच्या शेतमजुराने आपल्या वाट्याचे पैसे आगाऊ भरलेले आहेत, हे चर्चेत सहसा कोणी सांगत नाही. आज देशात दोन लाखांवर ग्रामपंचायती ‘सेवेसाठी सज्ज’ या रकान्यात दाखवल्या जातात. सज्ज असणे म्हणजे तपासणीच्या दिवशी प्रकाशाचा संदेश त्या टोकाला पोहोचला होता, एवढेच. दुसऱ्या दिवशीचे त्या रकान्यात काही नाही.

हे जाळे कसे चालते ते जरा तपशिलाने पाहणे आवश्यक आहे, कारण दोष नेमका कुठे आहे ते त्याशिवाय कळत नाही. पहिल्या टप्प्यात तालुक्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एक मुख्य यंत्र बसवले गेले. तिथून निघालेली फायबर काही अंतर बीएसएनएलच्या जुन्याच तारेतून गेली, पुढे नवी टाकली गेली आणि वाटेत फाटे फुटत फुटत ती एकेका ग्रामपंचायतीच्या कार्यालयातल्या छोट्या पेटीपर्यंत आली. रचना सरळ रेषेची होती. तालुक्यापासून तिसऱ्या किलोमीटरवर तार तुटली की पुढची सगळी गावे एकदम बंद. पेटीवर ‘लॉस’ असे लिहिलेला एक छोटा दिवा असतो आणि प्रकाश येईनासा झाला की तो लाल होतो. कित्येक ग्रामपंचायतींत ही पेटी कुलूपबंद खोलीत, जुन्या मतदार याद्यांच्या गठ्ठ्यांशेजारी, भिंतीवर टांगलेली आढळते. काही ठिकाणी तो लाल दिवादेखील लागत नाही, कारण ग्रामपंचायतीचे वीजबिल थकलेले असते आणि मीटरच काढून नेलेला असतो.

तार तुटते तरी का? चोरी आणि घुशी ही कारणे आहेतच, पण मुख्य कारण आहे खोदकाम. गेल्या दहा वर्षांत मराठवाड्यात रस्त्यांची कामे जोरात झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण रस्ता रुंद करणाऱ्याने साइडपट्टी खणायला घेतली की जेसीबीच्या पहिल्याच घासात फायबर वर येते. त्यापाठोपाठ पाण्याची पाइपलाइन टाकणारा येतो आणि जोडलेली तार पुन्हा तुटते. नियमाप्रमाणे नळी १६५ सेंटिमीटर खोल पुरायची असते. पण बालाघाटाच्या माथ्यावर मुरूम संपून कातळ लागला की ठेकेदाराचा हात आखडतो, तर गोदाकाठच्या काळ्या जमिनीत खोल पुरलेली नळीही माती फुगण्या-भेगाळण्याने ताणली जाते. खोदण्याआधी तारेच्या मालकाला कळवण्यासाठी केंद्राने मार्च २०२३ मध्ये एक अॅप काढले. खोदणाऱ्याने ते वापरले नाही तर त्याच्या बिलातून काही कापले जाते का, हा खरा प्रश्न आहे, आणि रस्त्याच्या ठेक्यात असे कलम घालून ते वसूल करणारा विभाग माझ्या पाहण्यात नाही.

तुटलेल्या फायबरचा जोड मारण्यासाठी एक यंत्र आणि ते चालवता येणारा एक माणूस लागतो. काम दोन तासांचे असते. पण तक्रार कोणाकडे नोंदवायची, यंत्र कोणत्या तालुक्यात आहे, गाडीचे डिझेल कोणी भरायचे आणि ठेक्याची मुदत संपलेली असेल तर मंजुरी कोणी द्यायची, या चार प्रश्नांत दोन तासांच्या कामाला दोन महिने लागतात. बांधणीसाठी पैसा होता, कारण बांधणीचे उद्घाटन करता येते. देखभालीसाठी वेगळा, खात्रीचा, तालुक्यापर्यंत उतरणारा पैसा फार काळ नव्हता.

याचा परिणाम पाहायचा असेल तर जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एखाद्या आपले सरकार सेवा केंद्रावर उभे राहावे. खरीप पीकविम्याची मुदत ३१ जुलैला संपायची आणि एक रुपयात विमा होता त्या हंगामांत तर केंद्रांवर झुंबड उडायची. अर्जामागे विमा कंपनीकडून केंद्रचालकाला ४० रुपये मिळतात. अर्ज भरताना सातबारा, पेरणीचे स्वयंघोषणापत्र, बँकेचे पासबुक सगळे चढवावे लागते. दिवसा पान उघडत नाही, म्हणून केंद्रचालक रात्री दोनला बसतो आणि शेतकरी कागदांची पिशवी उशाला घेऊन केंद्राच्या ओट्यावर आडवे होतात. कोणी विचारले की उत्तर ठरलेले असते, ‘सर्व्हर डाऊन आहे.’ हे उत्तर कधी खरे असते, कधी अर्धे. कधी दूरच्या शहरातले संकेतस्थळच कोलमडलेले असते, कधी तालुक्याची तार तुटलेली असते, तर कधी टॉवरवरचा भार वाढलेला असतो. नेमके काय बिघडले हे कोणालाच सांगता येत नाही, कारण त्याची गावनिहाय नोंदच कोणी उघड करत नाही. नोंद नसल्याने जबाबदारी नाही आणि जबाबदारी नसल्याने दुरुस्तीची घाई नाही. शेतकऱ्याला मात्र मुदत चुकते, आणि मुदतीच्या बाबतीत संगणक फार काटेकोर असतो.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. तो असा की, सरकारी फायबरचे रडगाणे आता पुरे, प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे. आक्षेपात तथ्य आहे आणि ते मान्य केले पाहिजे. मराठवाड्याच्या खेड्यांत इंटरनेट आणले ते भारतनेटने नव्हे, सप्टेंबर २०१६ नंतर जिओच्या आगमनाने कोसळलेल्या डेटाच्या दरांनी आणले. कोणत्याही सरकारी योजनेने पाच वर्षांत केले नसते ते बाजाराने पाच महिन्यांत केले. परंतु टॉवर म्हणजे काही आभाळातून उतरलेली सोय नव्हे. टॉवरलाही मागून तार लागते, आणि जिथे ती नसते तिथे एका टॉवरवरून दुसऱ्यावर लहरींनी संदेश ढकलत न्यावा लागतो, त्यामुळे टॉवर उभा असला तरी त्याची क्षमता तोकडी राहते. आठवडी बाजाराच्या दिवशी मोबाइलच्या पट्टीवर चारही दांड्या दिसतात आणि ओटीपी येत नाही, तो याचमुळे. लातूरच्या शिकवण्यांचे व्हिडिओ पाहणे एवढ्यावर भागते. पण दूरस्थ वैद्यकीय सल्ला, शाळेतला सामूहिक वर्ग, ग्रामपंचायतीचे दप्तर किंवा घरबसल्या करायचे एखादे काम यांना दोन्ही दिशांनी सारखी, न तुटणारी जोडणी लागते. ती मोबाइलवर मिळेल अशी शाश्वती नाही.

मोबाइल हातात आहे, पण कोणाच्या हातात, हाही प्रश्न आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातल्या ५७.१ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरले होते; स्त्रियांत हे प्रमाण ३३.३ टक्के होते, आणि ग्रामीण स्त्रियांत २४.६. त्यानंतर परिस्थिती बदलली असणार, कारण २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली आणि अर्जासाठी, पुढे ई-केवायसीसाठी, घराघरांतल्या स्त्रियांना पडद्यासमोर यावे लागले. पण पडद्यासमोर येणे वेगळे आणि पडदा आपला असणे वेगळे. बीड आणि धाराशिवच्या डोंगरपट्ट्यातल्या ऊसतोड कुटुंबांत एकच स्मार्टफोन असेल तर तो कोयत्याबरोबर पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातो. मागे राहिलेल्या म्हातारीचा ओटीपी कारखान्याच्या पालावर वाजतो आणि रेशनचे किंवा पेन्शनचे काम इकडे अडते. शिवाय जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी एकदमच दर वाढवले, तेव्हा स्वस्ताईचा तो काळ कायमचा नाही हेही दिसले. ग्रामपंचायतीत, शाळेत, प्राथमिक आरोग्य उपकेंद्रात एक सार्वजनिक, चालू जोडणी हवी, ती अशा लोकांसाठी.

तार आहे पण उपयोग नाही, हा केवळ आपला अनुभव नाही. पेरू देशाने २०१४ नंतरच्या दोन-तीन वर्षांत अँडीजच्या रांगा ओलांडत सुमारे १३ हजार किलोमीटर फायबरचा राष्ट्रीय कणा उभारला आणि १८० प्रांतांची मुख्य गावे त्याला जोडली. अभियांत्रिकीच्या दृष्टीने काम नमुनेदार होते. पण कंत्राटात घाऊक क्षमतेचा एकच दर गोठवून ठेवला होता. खासगी कंपन्यांनी स्वतःच्या तारा टाकून त्याहून कितीतरी स्वस्तात क्षमता विकायला सुरुवात केली, तेव्हा सरकारी कण्याला ग्राहक उरले नाहीत, आणि २०२१ मध्ये सरकारने ते कंत्राटच संपवले. पेरूने किलोमीटर मोजले आणि ते पूर्ण झाले. वापर मोजून त्याप्रमाणे दर बदलण्याची सोय मात्र करारात ठेवली नव्हती. आपल्या योजनेच्या सुधारित आराखड्याकडे पाहताना हा प्रसंग ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

तो आराखडा ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाला. खर्चाचा अंदाज १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपयांचा आहे आणि पूर्वीच्या दोन चुका त्यात सुधारलेल्या दिसतात. सरळ रेषेऐवजी आता कड्याची रचना आहे, म्हणजे एका बाजूने तार तुटली तरी दुसऱ्या बाजूने संदेश वळून येईल. मार्च २०२४ मध्ये आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगत समुद्रतळाशी चार केबल एकाच वेळी निकामी झाल्या आणि अनेक देशांतले इंटरनेट कोलमडले, तेव्हा एकाच वाटेवर विसंबण्याची किंमत जगाला दिसली होती. आपल्या तालुक्यांत ती रोज दिसते, फक्त बातमी होत नाही. दुसरी सुधारणा अशी की, बांधणाऱ्या कंपनीनेच दहा वर्षे जाळे चालवायचे आणि राखायचे आहे. हे दोन्ही स्वागतार्ह आहे. मात्र सेवा चालू असल्याचा पुरावा कंपनी आणि सरकार यांच्यातच राहिला, गावापर्यंत आलाच नाही, तर दंडाची कलमे कागदावर राहतील, असे मला वाटते. जोडणी ९८ टक्के वेळ चालू होती असे ठेकेदाराने लिहिले आणि ग्रामसभेला ते खोटे आहे हे ठाऊक असले, तरी ग्रामसभेने कशाच्या आधारे बोलायचे?

उपग्रहाचा पर्याय अलीकडे फार ऐकू येतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य शासनाने उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंक कंपनीशी इरादापत्र केले. त्यात गडचिरोली, नंदुरबार आणि वाशीमबरोबर मराठवाड्यातला धाराशिव जिल्हाही आहे. डोंगरातल्या एकट्या वस्तीसाठी, पुरात तुटलेल्या तालुक्यासाठी हे साधन मोलाचे ठरेल. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत धाराशिव, बीड, लातूर, जालन्याची जी अवस्था झाली, ती आठवली म्हणजे याचे महत्त्व पटते. पण उपग्रहाची क्षमता आभाळाच्या एका तुकड्याखालच्या सगळ्या ग्राहकांत वाटली जाते आणि तिची किंमत फायबरच्या जवळपासही नसते. दाट वस्तीच्या गावांचा जिल्हा त्यावर चालवता येणार नाही. नवे यंत्र आले की जुन्या तारेच्या दुरुस्तीचा प्रश्न बाजूला सारण्याची आपल्याकडे सवय आहे, म्हणून हे आताच सांगून ठेवलेले बरे.

मराठवाड्याला अशा प्रश्नाचा जुना अनुभव आहे. निजामाच्या काळात, विसाव्या शतकाच्या आरंभी, मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी रेल्वे या भागातून धावू लागली. म्हणजे नकाशावर मराठवाडा रेल्वेने जोडलेला होता. पण रूळ मीटरगेज, म्हणजे मुख्य मार्गाहून अरुंद, होते आणि मनमाडला प्रत्येक पोते एका डब्यातून काढून दुसऱ्या डब्यात भरावे लागे. गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेने रुंदीकरणाचे आंदोलन वर्षानुवर्षे लावून धरले, ते ‘आम्हाला रेल्वे द्या’ असे म्हणत नव्हते. असलेली रेल्वे उपयोगाची करा, अशी ती नेमकी, तांत्रिक माहितीवर उभी मागणी होती. इंटरनेटच्या बाबतीत आपल्या लोकप्रतिनिधींची भाषणे अजून त्या नेमकेपणापर्यंत आलेली नाहीत.

नेमकेपणा कोणता हवा? दुरुस्ती तालुक्यात असली पाहिजे. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक मोठ्या गावात केबलवाला आहे, आणि त्याची तार तुटली की तो संध्याकाळपर्यंत जोडतो, कारण पहिल्या तारखेला त्याला त्याच घरी पैसे मागायला जायचे असते. भारतनेटच्या नव्या आराखड्यात स्थानिक उद्योजकाला महसुलात वाटा देऊन घरगुती जोडण्या देण्याची सोय आहे. तिचा विस्तार देखभालीपर्यंत व्हावा, आणि वाटा जोडण्यांच्या संख्येवर न देता चालू तासांवर द्यावा. यात धोका आहे. ज्याच्या हाती तार त्याच्या हाती गाव, असे राजकारण सुरू होईल आणि ठेका सरपंचाच्या मेव्हण्याला जाईल, ही शंका कोणीही घेईल. ती खोटी नाही. पण मेव्हण्याला निदान गावात तोंड दाखवावे लागते; दूरच्या महानगरातल्या ठेकेदाराला तेवढेही करावे लागत नाही. ग्रामपंचायतींतल्या संगणक परिचालकांनी मानधनासाठी वारंवार आंदोलने केली आहेत. ज्या माणसावर गावाचा सगळा ऑनलाइन कारभार उभा आहे, त्याचेच मानधन अनियमित असेल तर फायबर कितीही जाड असून उपयोग काय?

याहून महत्त्वाची, आणि जवळजवळ बिनखर्चाची, गोष्ट मुदतींची आहे. शासनाने कामे ऑनलाइन केली, त्यामुळे दलालांचे काही मार्ग बंद झाले हे नाकारता येत नाही. पण ऑनलाइन हाच एकमेव मार्ग ठेवायचा असेल तर तो मार्ग उघडा ठेवण्याची जबाबदारीही शासनावर येते. रोजगार हमीच्या कामावर जानेवारी २०२३ पासून मजुरांची हजेरी मोबाइलवर, दिवसातून दोनदा छायाचित्र काढून नोंदवणे बंधनकारक झाले. शिवारात रेंज नसेल आणि छायाचित्र चढलेच नाही, तर मजुराचा दिवस बुडतो. पीकविम्यात स्थानिक आपत्तीची सूचना ७२ तासांत देण्याची अट होती. महाराष्ट्राने खरीप २०२५ पासून तो निकष काढला, पण त्याआधीच्या हंगामांत गारपीट आणि नेटवर्क बंद या दोन्ही गोष्टी एकाच वादळाने घडवल्या तरी ७२ तासांचे घड्याळ थांबत नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग मानला आहे. त्याचा अर्थ गावपातळीवर एवढाच लावावा की, ज्या गावाची जोडणी मुदतीच्या काळात जितके तास बंद होती, तितकी मुदत त्या गावासाठी आपोआप वाढेल. अर्ज नको, शिफारस नको. आंदोलनाच्या काळात सरकार स्वतःच इंटरनेट बंद करते, जसे २६ फेब्रुवारी २०२४ रोजी जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत केले गेले, तेव्हाही हाच नियम लागू व्हावा. बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा वाद आहे. पण बंदीच्या दिवशी चुकलेल्या मुदतीचा भुर्दंड नागरिकाने का सोसावा?

यासाठी नवे अॅप लागत नाही, हे मुद्दाम सांगायला हवे, कारण आपल्याकडे प्रत्येक दुखण्यावर अॅप निघते. तालुक्याच्या एक्स्चेंजमधले यंत्र त्याला जोडलेली प्रत्येक पेटी कधी जिवंत होती आणि कधी मेली याची नोंद ठेवण्यासाठीच बनवलेले असते. जाळे चालवणाऱ्यांच्या नियंत्रण कक्षात ती माहिती आजही दिसते. ती गावनिहाय, दर आठवड्याला उघड करावी, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी आणि जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत पाणीटंचाईच्या आढाव्याबरोबर वाचली जावी. पेटीला वीज नसल्याने बंद पडलेली गावे आणि तार तुटल्याने बंद पडलेली गावे वेगळी दाखवावीत, म्हणजे महावितरण, ग्रामपंचायत, बांधकाम विभाग आणि जाळ्याचा ठेकेदार यांपैकी कोणाला विचारायचे ते ठरेल. हिंगोली किंवा परभणीच्या एखाद्या जिल्हाधिकाऱ्याने मनावर घेतले तर राज्याच्या धोरणाची वाट न पाहता पुढच्या बैठकीपासून हे सुरू करता येईल. पहिल्या काही महिन्यांचे आकडे लाजिरवाणे असतील आणि ते दडपण्याचा मोह होईल. ७६ तालुक्यांपैकी चार-पाच ठिकाणी जरी तो आवरला गेला, तरी उरलेल्या तालुक्यांतले पत्रकार आणि सरपंच आपला आकडा मागू लागतील.